फाकाओफोचा नकाशा कसा वाचायचा

मी नववीला भूगोल शिकवते. कंकणद्वीप, म्हणजे मधे खाजण असलेलं प्रवाळाचं कडं, समजायला फळ्यावरची आकृती पुरत नाही. माणसं राहतात असं एखादं खरं बेट उघडावं लागतं. मी टोकेलाऊ या पॅसिफिकमधल्या तीन कंकणद्वीपांच्या समूहातलं फाकाओफो घेते.

उपग्रह नकाशात ९°२२′ दक्षिण, १७१°१३′ पश्चिम टाका, पण लगेच जवळ जाऊ नका. आधी दक्षिणेला सुमारे ५०० किलोमीटरवर सामोआचं आपिया शोधा. टोकेलाऊला विमानतळ नाही. आपियाहून बोटीने यायचं, त्याला एका दिवसाहून जास्त लागतो. हे अंतर मनात ठेवूनच पुढे जा.

आता जवळ या. प्रवाळाचं कडं, त्यावर विखुरलेली बेटं, मधे खाजण. मूळचा ज्वालामुखी खचत गेला आणि कडेचे प्रवाळ वर वाढत राहिले, हे डार्विनने १८४२ मध्ये मांडलं.

पश्चिमेला फाले नावाचं चिमुकलं बेट दिसेल, घरांनी गच्च भरलेलं. इथे मुलांना घाई करू देऊ नका. कड्यावर याहून मोठी बेटं रिकामी दिसत असताना जुनं गाव इथेच का? वारे पूर्वेकडून येतात, म्हणून पश्चिमेला लाटांचा मार कमी. नंतर पाण्याचं विचारा. नदी नाही, आणि इतक्या अरुंद जमिनीखाली गोडं पाणी जेमतेम साठतं. म्हणून छपरावरचा पाऊस टाक्यांत भरतात. २०११ च्या दुष्काळात तोही आटला आणि बाहेरून जहाजाने पाणी आणावं लागलं.

एवढं पाहिल्यावरच इतिहासाकडे वळा. १८६३ मध्ये पेरूहून मजूर पकडणारी जहाजं आली आणि टोकेलाऊच्या तिन्ही कंकणद्वीपांवरून सुमारे अडीचशे माणसं घेऊन गेली, जवळपास निम्मी वस्ती. परत नकाशा पाहा: आडोशाला टेकडी नाही, शिरायला रान नाही. मी हे सांगते तेव्हा वर्ग गप्प होतो, आणि व्हायलाच हवा. १८८९ चं ब्रिटिश संरक्षण आणि १९२६ पासूनचा न्यूझीलंडचा कारभार दोन वाक्यांत सांगून होतो. २००६ आणि २००७ च्या सार्वमतांवर मात्र थांबा. दोन्ही वेळा बहुमत स्वशासनाच्या बाजूने होतं, पण ठरलेलं दोन-तृतीयांश गाठलं नाही. आपियाचं ते अंतर आठवून त्या मतदारांचा विचार करायला सांगा.

गृहपाठाला लक्षद्वीपचं कवरत्ती द्या. तिथे जमीन पूर्वेच्या कडेला आणि खाजण पश्चिमेला आहे. वारा कुठून येतो, ते मुलांनी शोधून आणावं.