पदकांच्या टाळ्या विरायच्या आत मुलाला मैदानावर आणा

२०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे अपंग खेळाडूंच्या ऑलिम्पिकमध्ये, भारताला २९ पदकं मिळाली. त्यातलं गोळाफेकीचं रौप्य आमच्या सांगली जिल्ह्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीचं, १६.३२ मीटर! शाळाशाळांत फलक सजले, परिपाठात टाळ्या झाल्या. आणि पी.टी.च्या तासाला पायाने अधू पोरगा पुन्हा झाडाखाली बसून धावफलक लिहायला लागला. मी शाळेत खेळ शिकवतो, सर-मॅडम, म्हणून सांगतो. या स्पर्धांचा खरा उपयोग घरच्यांचं ‘पडेल, लागेल, नको’ मोडून काढायला होतो, आणि तोही बातमी ताजी असेपर्यंतच.

म्हणून आधी त्या पोराच्या घरी जा. मोबाईलवर खेळ दाखवा, पण खेळाडू पोराशी जुळणारा निवडा. सचिनचं अपंगत्व हाताचं. ज्याला उभंच राहता येत नाही त्याच्या आईला तो व्हिडिओ दाखवलात, तर ती म्हणेल, “त्याचे पाय तरी धड हायत की ओ सर.” तिला बसून क्लब, म्हणजे छोटा लाकडी दांडका, फेकणारा धरमबीर दाखवा, त्याला सुवर्ण मिळालंय. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) असेल तर धावणारी प्रीती पाल, बौद्धिक अक्षमता असेल तर दीप्ती जीवनजी.

मग मैदान. बसून फेकायला भक्कम स्टूल पुरतं. स्पर्धेत आसनाची उंची गादीसकट ७५ सेंटिमीटरपर्यंतच चालते, म्हणून पहिल्यापासून त्या मापात राहा. चारही बाजूंनी खुंट्या ठोकून स्टूल दोरांनी ताणून बांधा. ते हललं की पोरगं घाबरतं आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. मांड्या रुंद पट्ट्याने बांधा. सुतळी नको, काचते. सुरुवात हलक्या चेंडूने करा.

दृष्टिहीन मुलीला धावायला जोडीदार द्या. दोघींच्या हातात न ताणणाऱ्या दोरीचं एकेक टोक. जोडीदारणीने ओढायचं नाही, ढकलायचं नाही आणि शेवटची रेषा तिच्या आधी ओलांडायची नाही. पॅरालिम्पिकचाही नियम हाच. सिमरन शर्माने २०० मीटरचं कांस्य अशीच जोडीदारासोबत धावून घेतलं. वर्गातल्या मुली आळीपाळीने जोडीदार होऊ द्या. समावेशनावरच्या भाषणापेक्षा ‘आज माझा नंबर’ हे भांडण मला जास्त पटतं.

कर्णबधिर पोरांना शिट्टीऐवजी झेंडी. त्यांच्या स्पर्धा वेगळ्या, डेफलिम्पिक्स. पालकांना हे आधीच सांगा, नाहीतर ते पॅरालिम्पिकची वाट बघत बसतात.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आत्ताच अर्ज करायला लावा. एफ-४६, टी-३५ असे अपंगत्वानुसार पडणारे स्पर्धेचे गट मात्र आपण ठरवायचे नाहीत. ते अधिकृत वर्गीकरण करणारे तपासून ठरवतात.

राहिलं स्नेहसंमेलन. या पोरांची फेक पाहुणे उठून गेल्यावर ठेवू नका, कबड्डीच्या फायनलच्या आधी ठेवा. ‘उत्तेजनार्थ’ बक्षीस नको. टेप लावा, अंतर माईकवर मीटर-सेंटिमीटरसकट सांगा आणि फाऊल झाला तर फाऊलच द्या.