उन्हाळी सल्ला : प्रवाळाचं मांस सुटू लागलं तर

जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात रीफ टाकीवाल्यांना, म्हणजे घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळणाऱ्यांना, धक्का बसतो तो सकाळी. काल छान रंगलेली अक्रोपोराची (फांद्यांच्या दगडी प्रवाळाची) फांदी आज बुंध्याशी पांढरीफटक! (सल्ला परदेशात राहणाऱ्या मराठी हौशींसाठी आहे. भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहेत, तिथे या फंदात पडू नका.)

आधी भिंगातून बघा. पांढऱ्या भागावर पारदर्शक कातडं आणि पॉलिप (प्रवाळाचे इवले जीव) दिसत असतील तर ते ब्लीचिंग, म्हणजे नुसता रंग उडालाय, प्रवाळ जिवंत आहे. उजेड उतरवा, पाणी हळूहळू २५-२६ अंशांवर आणा, कात्री लावू नका. नुसता खरखरीत सांगाडा दिसला तर मात्र मांस सुटलंय.

पांढरी रेघ तासातासाला वर सरकत असेल तर कारण शोधत बसू नका. रेघेच्या वर, जिवंत भागात सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जाऊन फांदी कापा. बाटलीवर लिहिलेल्या मापाने आयोडीनच्या पाण्यात बुडवा आणि नव्या प्लगवर (प्रवाळ बसवायच्या छोट्या बैठकीवर) चिकटवा. जमल्यास दुसऱ्या टाकीत ठेवा. बुंधा वाचवायच्या मोहात मी टोकंही घालवली आहेत.

रेघ आठवड्याला दोन-चार मिलिमीटर सरकत असेल तर आधी केएच, म्हणजे पाण्याची अल्कलिनिटी (ती अंशांत मोजतात), मोजा. उन्हाळ्यातली खरी गोम इथेच असते. पाणी थंड ठेवायला आपण पंखे लावतो, त्याने बाष्पीभवन वाढतं आणि टॉप-अप, म्हणजे आटलेल्या पाण्याची भर, जास्त पडतो. त्या टॉप-अपमध्ये चुन्याची निवळी, म्हणजे कॅल्कवासर, असेल तर न मागता चुन्याचा डोसही वाढतो. केएच ८ वरून १० वर जातो आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्याला टेकलेल्या टाकीत अक्रोपोराला ते सोसत नाही. पंखे चालू असेपर्यंत टॉप-अपला साधं आरओ (गाळून क्षार काढलेलं) पाणी द्या, केएचचा डोस वेगळा मोजून द्या. केएच चढलेला असेल तर तो आपोआप उतरू द्या, दिवसाला अर्ध्या अंशाहून जास्त हलवू नका. पाण्याचा खारेपणा (सॅलिनिटी) ३५ पीपीटीच्या आसपास आहे ना, तेही बघा. घाबरून एकाच दिवशी अर्धं पाणी बदलणं, कार्बन टाकणं आणि दिवे बदलणं, हे तर नकोच.

केएच स्थिर असूनही बुंध्याकडून मांस जातंय? मग तिथे चपट्या कृमींची अंडी शोधा. डिपने, म्हणजे औषधी पाण्यात बुडवल्याने, कृमी पडतात, अंडी मरत नाहीत. अंडी खरवडा आणि आठवड्याने पुन्हा डिप द्या.

टॉर्च-हॅमरवर (लांब मांसल बोटांच्या प्रवाळांवर) तपकिरी चिकट जेली दिसली तर पंप बंद करा. जेलीवर फुंकर किंवा पाण्याचा झोत मारू नका, ती शेजाऱ्यावर जाऊन बसते. नळीने ओढून घ्या, ते पाणी टाकीत परत ओतू नका आणि सडलेलं डोकं सांगाड्यासकट तोडा.

उष्ण पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. म्हणून टाकीचे दिवे मालवल्यावरही स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि पॉवरहेड (पाणी खेळवणारा पंप) रात्रभर चालू ठेवा. झोअँथिड किंवा पॅलिथोआ (सांगाडा नसलेले, बटणासारखे मऊ प्रवाळ) कापायचे असतील तर हातमोजे आणि चष्मा घालूनच, त्यांचं विष जिवावर बेतू शकतं.