बीडहून पुण्यात कामाला येताय? आधी एक वही घ्या

दिवाळी सरली की आमच्या गावातून दोनच वाटा फुटतात. एक कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्याकडं, दुसरी पुण्याकडं. 2013 च्या दुष्काळात मी दुसरी धरली, बायको आणि दोन वर्षांची पोरगी घेऊन. बिगारी म्हणून आलो, आता गवंडीकाम करतो. दरवर्षी कुणाचा ना कुणाचा फोन येतो, "भाऊ, येऊ का?" म्हणून सगळ्यांना एकदाच लिहितोय.

पहिल्या रात्रीची सोय गावातूनच बोलून ठेवा. 'उतरल्यावर बघू' चालत नाही. 2024 च्या डिसेंबरात वाघोलीच्या केसनंद फाट्यावर फूटपाथवर झोपलेल्या लोकांवर डंपर गेला. अमरावतीकडून कामाला आलेली माणसं होती. तिघं गेले, त्यात दोन लेकरं. साइटवर पत्र्याची खोली मिळाली तर आधी ती कंपाउंडच्या भिंतीला खेटून आहे का ते बघा. कोंढव्यात 2019 च्या जूनमध्ये पावसात भिंत मजुरांच्या खोल्यांवर पडली, 15 जण दगावले. ठेकेदार म्हणेल, काही होत नाही. त्याला कुठं तिथं झोपायचंय!

भाड्याची खोली घेतली तर लाइटचा युनिटमागं दर आणि पाणी यायची वेळ आधीच विचारा.

आता कामाचं. मजूर अड्ड्यावर सकाळी गाडी थांबली की सगळे पळतात. पळा, पण दर ठरल्याशिवाय गाडीत बसू नका. ओळखीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे कामाआधीच आगाऊ पैसे, तर अजिबात घेऊ नका. ऊसतोडीत ती कशी फिटत नाही हे आपण घरातच पाहिलंय.

साइटवर दर आठवड्याला खर्ची, म्हणजे खर्चापुरते पैसे मिळतात, बाकीचा हिशोब 'स्लॅब पडल्यावर', म्हणजे छत ओतून झाल्यावर. पैसे बुडतात ते इथंच. पहिल्या वर्षी माझे 43 दिवस भरले होते, ठेकेदाराच्या डायरीत 32 निघाले. माझ्याकडं काय होतं? नुसतं तोंड. त्या रात्री बायकोनं दुकानातून दहा रुपयांची वही आणली आणि रेघा मारल्या: तारीख, साइट, पूर्ण की अर्धा दिवस, ओव्हरटाइम, खर्ची. शेवटचा रकाना मुकादमाच्या सहीचा. मुकादम सहीला कुरकुरतोच. मग पानाचा फोटो काढून त्यालाच व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, 'या आठवड्याचा हिशोब' असं लिहून. साइटच्या बोर्डाचाही फोटो हवा, बिल्डरचं नाव दिसेल असा. ठेकेदारानं मजुरी दिली नाही तर ती द्यायची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ज्यानं ठेका दिला त्याच्यावर येते. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्यायला जाल तेव्हा ही वहीच कामाला येते. पुढं एकदा दुसऱ्या एका ठेकेदारानं तीच चाल खेळली, तेव्हा वही टेबलावर ठेवली. पैसे निघाले. सगळे नाहीत, पण निघाले.

वर्षभरात बांधकामावर 90 दिवस भरले की बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. वय 18 ते 60 लागतं. 90 दिवसांचा दाखला ठेकेदार देतो. तो टाळाटाळ करत असेल तर महापालिकेत विचारा. लोक मंडळाच्या भांड्यांच्या संचासाठी रांगा लावतात, लावा, पण पहिल्या दोन मुलांची शिष्यवृत्ती विसरू नका. कार्ड काढून देतो म्हणून हजारो मागणारे एजंट अड्ड्यावरच फिरतात, त्यांना चहासुद्धा पाजू नका.

रेशनकार्ड गावाहून कमी करून आणायची घाई करू नका. कार्डाचा नंबर आणि अंगठा यावर इथल्या दुकानातही धान्य मिळतं, माणशी पाच किलो. म्हातारी माणसं गावी असतील तर त्यांचा वाटा तिकडं, तुमचा इकडं. तेवढं सगळ्यांचं ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) निघण्याआधी उरकून घ्या, नाहीतर दुकानदार हात वर करतो.

पोरांना साइटवर खेळत ठेवू नका. टीसी नाही, जन्मदाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, कायदाच आहे तसा. आमच्या पोरीला पहिले दोन महिने 'गावाकडची' म्हणून चिडवत होते. आता तीच त्यांना गणितं सांगते, आणि वहीची बेरीजही तीच करते.

फोन करायचा तर रात्री आठनंतर करा. शनिवारी मात्र नको, त्या दिवशी आमच्याकडं हिशोब असतो.