भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय नीट कसे पाहावे

राणीच्या बागेत कधीच गेला नाही असा मुंबईकर विरळाच. मात्र बागेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या संग्रहालयाच्या पायऱ्या चढलेली माणसे फार थोडी भेटतात. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे मुंबईतील सर्वांत जुने वस्तुसंग्रहालय आहे, २ मे १८७२ रोजी ते लोकांसाठी खुले झाले, आणि तेथे जपलेला विषय म्हणजे आपले स्वतःचे शहर आहे. ते घाईत पाहिले तर जुनी कपाटे आणि जुनी भांडी एवढेच लक्षात राहते. म्हणून थोडी तयारी करून, क्रमाने कसे पाहावे, ते येथे सांगतो.

पहिली तयारी घरातच करावी. आपले आजी-आजोबा किंवा त्यांच्याही आधीची पिढी मुंबईत कोठे उतरली, कोणत्या चाळीत राहिली, कोणत्या गिरणीत, गोदीत किंवा कचेरीत कामाला होती, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर टिपून घ्यावे. लालबाग, परळ, गिरगाव, माझगाव, डोंगरी अशी दोन-चार नावे हाती असली, म्हणजे संग्रहालयातील नकाशांपुढे उभे राहिल्यावर काय शोधायचे हे माहीत असते. शक्य असल्यास त्या वडीलधाऱ्यांनाच बरोबर न्यावे. काचेआडची एखादी वस्तू पाहून त्यांना जे आठवते, ते कोणत्याही नामफलकावर लिहिलेले नसते.

संग्रहालय आणि राणीची बाग दोन्ही बुधवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवून दिवस ठरवावा. मध्य रेल्वेने भायखळ्याला उतरून पूर्वेकडे बाहेर पडावे, तेथून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरील वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानापर्यंत, म्हणजेच राणीच्या बागेपर्यंत, चालत जाता येते. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांनी दादरला गाडी बदलावी. स्थानकातून बाहेर पडण्यापूर्वी स्थानकाच्या जुन्या इमारतीकडेही जरूर पाहावे, कारण तीही एकोणिसाव्या शतकातीलच आहे आणि अलीकडे तिची फार काळजीपूर्वक डागडुजी झाली आहे.

प्रवेशद्वाराशी आल्यावर एक निश्चय पक्का ठेवावा: आधी संग्रहालय, मग बागेतले पेंग्विन. भाच्यांना घेऊन गेलो तेव्हा मी उलटा क्रम लावला, आणि बाग फिरून दमलेल्या मुलांनी संग्रहालयात दहा मिनिटांत घरी जाण्याचा धोशा लावला. बागेचे तिकीट आणि संग्रहालयाचे तिकीट वेगवेगळे असते. तिकीट घेतानाच त्या दिवशी मराठीतून माहिती देणारी फेरी आहे का आणि छायाचित्रे काढण्याचे नियम काय आहेत, हे विचारून घ्यावे.

आत गेल्यावर लगेच कपाटांकडे वळू नये. दाराच्या आत पाच मिनिटे नुसते उभे राहून इमारत पाहावी, कारण या संग्रहातील सर्वांत मोठी वस्तू ती स्वतःच आहे. ओतीव लोखंडाचे खांब, त्यांवर पेललेला वरचा सज्जा, नक्षीदार कठडे, पायाखालच्या रंगीत फरश्या आणि सोनेरी कलाकुसर केलेले छत हे सारे बाहेरून साध्या दिसणाऱ्या भिंतींच्या आत दडलेले आहे. ही वास्तू मध्यंतरी फार हलाखीत होती. महानगरपालिका, वारसा-जतनाचे काम करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून तिचा जीर्णोद्धार केला, त्याला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा सर्वोच्च वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले.

मग ज्यांच्या नावाने हे संग्रहालय ओळखले जाते, त्यांची ओळख करून घ्यावी. भाऊ दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून १८५१ मध्ये बाहेर पडलेले वैद्य. प्राचीन शिलालेख आणि नाणी हा त्यांचा दुसरा ध्यास. नाना जगन्नाथ शंकरशेट आणि इंग्रज डॉक्टर जॉर्ज बर्डवुड यांच्यासह त्यांनी या संग्रहालयासाठी लोकवर्गणी उभी करण्याची खटपट केली. तरीही सुरुवातीला नाव पडले ते इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया आणि तिचा पती अल्बर्ट यांचे. भाऊ दाजींचे नाव लागायला १९७५ साल उजाडावे लागले. एवढे ठाऊक असले की तळमजल्यावर मध्यभागी उभा असलेला अल्बर्टचा संगमरवरी पुतळा पाहताना तो तेथे का आहे आणि दारावरचे नाव मात्र दुसरे का आहे, हे मुलांना समजावून सांगता येते.

तळमजल्यावरील कारागिरीच्या वस्तू पाहताना सगळी कपाटे संपवण्याचा अट्टहास धरू नये. बिदरीकाम (काळ्या धातूवर चांदीची जडणकला), हस्तिदंती नक्षीकाम, जे. जे. कलाशाळेत घडवलेली मातीची भांडी यांपैकी मनाला भिडतील ती तीन-चारच निवडावीत आणि त्यांपुढे थांबावे.

खरा वेळ राखून ठेवावा तो वरच्या मजल्यासाठी. मुंबईचे दालन येथेच आहे, आणि मातीच्या लहान मूर्तीही येथेच भेटतात. या मूर्तींमध्ये शहरात नांदणाऱ्या नाना जातीजमाती, त्यांचे पोशाख आणि त्यांचे व्यवसाय साकारलेले आहेत. काचेपाशी वाकून एकेक मूर्ती पाहावी: पगडीचा पीळ कसा आहे, धोतराचा काचा कसा मारला आहे, लुगडे कसे नेसले आहे, डोक्यावर काय आहे आणि हातात काय आहे. मुलांना मूर्तीचे नाव आधी वाचू देऊ नये. पोशाखावरून आणि हातातील वस्तूवरून ती व्यक्ती कोण असेल, हे ओळखायला सांगावे. नंतर नकाशांकडे जाऊन घरून आणलेला कागद काढावा. सात बेटे भरावाने कशी जोडली गेली हे पाहत आपले परळ, आपले माझगाव त्यांत कोठे येते, हे बोटाने दाखवावे, काचेला हात न लावता.

बाहेर पडल्यावरही दोन गोष्टी पाहायच्या राहतात. एक म्हणजे १८६५ मधील डेव्हिड ससून घड्याळ-मनोरा. दुसरी म्हणजे घारापुरीचा दगडी हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. हा हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारी मोडली, हत्तीचे तुकडे झाले आणि ते तुकडे येथे आणण्यात आले. पुढे १९१४ च्या सुमारास ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. जवळ जाऊन त्याच्या अंगावरून नजर फिरवावी, म्हणजे दगड कोठे तुटला होता आणि कोठे सांधला आहे, ते दिसते. त्यानंतर मुलांना पेंग्विन दाखवायला न्यावे.