पुण्याहून सॅन फ्रान्सिस्को किती किलोमीटर? हवाई अंतर घरबसल्या कसे काढावे

मुलं बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) आणि आई-वडील कोथरूडला, अशी घरं पुण्यात आता गल्लोगल्ली सापडतील. ‘किती लांब आहे हो?’ असं विचारलं तर उत्तर मात्र तासांत मिळतं. किलोमीटर काढायला शाळेतली त्रिकोणमिती पुरते.

आधी भिंतीवरचा नकाशा बाजूला ठेवा. त्यावर पट्टी धरली तर रेघ अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा: तो हिमालय, सायबेरिया, आर्क्टिक समुद्र आणि अलास्कावरून उतरतो. सर्वात जवळची वाट ही.

आता गुगल मॅप्सवर विमानतळ शोधा. शहर नको, विमानतळच. तिथे राइट-क्लिक केलं की अक्षांश-रेखांश दिसतात. लोहगाव (पुण्याचा विमानतळ): १८.५८ उत्तर, ७३.९२ पूर्व. सॅन फ्रान्सिस्को: ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम. एक पूर्वेला, एक पश्चिमेला, म्हणून रेखांशांची बेरीज करा: १९६.३०. ही १८० च्या वर गेली, म्हणजे आपण लांबून वळसा मोजतोय. ३६० मधून वजा करा, उरतात १६३.७०.

पुढे कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवा (एक्सेल रेडियन मागतं, तिथेच बहुतेकांचं गणित फसतं). दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला १६३.७० च्या कोसाइनने गुणा. दोन्ही उत्तरांची बेरीज केली की येतात उणे ०.५२६. उणे पाहून दचकू नका, कोन ९० अंशांहून मोठा आहे एवढाच त्याचा अर्थ. ही ज्याची कोसाइन तो कोन १२१.७५ अंश. पृथ्वीवर एक अंश म्हणजे साधारण १११.२ किलोमीटर. गुणाकार: सुमारे १३,५४० किलोमीटर. हाताने करायचं नसेल तर गुगल मॅप्समधलं अंतर मोजण्याचं साधन हेच उत्तर देतं.

पण पुण्याहून अमेरिकेला थेट विमान नाही. म्हणून तिकिटावरचा प्रत्येक टप्पा वेगळा मोजा, आणि इथे खरी गंमत आहे. पुणे-दिल्ली साधारण १,१६० आणि दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,४००. बेरीज जवळपास थेट अंतराएवढीच, कारण दिल्ली त्या दोऱ्याखालीच येते! दुबईमार्गे हेच सुमारे १५,१०० होतं.

अर्थात विमान दोऱ्याबरहुकूम उडत नाही. वारे, बंद हवाई हद्दी, सगळं आडवं येतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा पडला. उलट उदाहरणही आहे. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, पण पाठीमागून वारा मिळाल्याने वेळ वाचला. म्हणून प्रत्यक्षात किती उडालं हे हवं असेल, तर विमानांचे मार्ग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर त्या दिवसाचा मार्ग पाहा.