ॲडसेन्सवाल्यांनो, या चुका टाळा, निदान पहिली तरी

ॲडसेन्स म्हणजे आपल्या साइटवर गुगल जाहिराती (ॲड) लावतं आणि त्यातले पैसे आपल्याला देतं. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, "दादा, साइट काढली, पण डॉलर काय पडेनात." उघडून बघावं तर वीस पोस्ट, त्यातल्या अठरा 'सातबारा कसा काढायचा' छापाच्या, कुठून तरी उचलून दोन शब्द इकडचे तिकडे केलेल्या. असल्या साइटला 'लो व्हॅल्यू कंटेंट' म्हणून नकार येतो, मग हेच लोक आयतं अप्रूव्ह झालेलं अकाउंट विकत घ्यायला निघतात. नका घेऊ. नाव दुसऱ्याचं, घाम तुमचा.

आता माझी लाडकी चूक, स्वतःच्या ॲडवर क्लिक मारणं किंवा घरच्यांकडून मारून घेणं.

माझ्या मावसभावाची ठिबक सिंचनावर साइट होती, आणि खरंच चांगली होती. लॅटरल (ठिबकची नळी) चोकअप झाली तर ॲसिड कसं सोडायचं, फिल्टर कधी धुवायचा, सगळं स्वतः रानात केलेलं, त्यामुळे शेतकरी गुगलवर शोधत यायचे. सात-आठ महिन्यांत 83 डॉलर झाले. 100 झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत आणि साहेबांना दम निघेना. दिवाळीत सगळे गावी जमलेले, त्याने फॅमिली ग्रुपवर टाकलं, "सगळ्यांनी साइट उघडून ॲडवर क्लिक करा." एकाच वायफायवर अकरा मोबाइल! मावशी तर इतकी मनापासून की पैठणीच्या ॲडवर जायची, साडी बघायची, परत यायची आणि पुन्हा तीच ॲड दाबायची. दोन दिवसांत 104. त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला, मी म्हणलं, गेलं रे तुझं अकाउंट. पुढच्याच आठवड्यात मेल, इनव्हॅलिड ट्रॅफिक (म्हणजे खोटे क्लिक), अकाउंट बंद. अपील केलं, तेही नामंजूर. मग म्हणतो, बाबांच्या नावाने काढू का? अरे, साइट तीच ना!

लोकांना वाटतं गुगलकडे पैशाचं झाड आहे, आपण हलवलं की पडतात. तेव्हा प्रत्येक क्लिकला पैसे त्या साडीवाल्याच्या खिशातून जायचे, त्यातले 68 टक्के साइटवाल्याला. मावशीने एकही साडी घेतली नाही, मग त्याने का भरावेत? 2024 पासून ॲडसेन्स क्लिकऐवजी ॲड दिसण्यावर पैसे देतं, म्हणून आता चालतं असं समजू नका, खोटे क्लिक अजूनही खोटेच धरले जातात. मला एखादी ॲड बघायचीच असेल तर मी कंपनीचं नाव वाचतो आणि वेगळ्या टॅबमध्ये टाइप करतो. आणि साइटची लिंक घरच्या ग्रुपवर टाकतच नाही, बायकोलाही नाही, ती अजून विचारते की तू नेमकं लिहितोस काय.

पीडीएफच्या डाउनलोड बटणाला चिकटून ॲड लावू नका, चुकून पडलेल्या क्लिकचे पैसे नंतर कापले जातात. ट्रॅफिक, म्हणजे साइटवर येणारी माणसं, विकत घेऊ नका, त्यावर मी बोलणारही नाही. पैसे महिन्याच्या 21 ते 26 तारखेच्या दरम्यान सुटतात, 1 तारखेपासून रिफ्रेश मारत बसून काय होणार?

आणि पत्ता. कमाई 10 डॉलर झाली की पत्ता खरा आहे का बघायला गुगलकडून 6 आकडी पिन (गुप्त नंबर) पोस्टाने येतो, चार महिन्यांत टाकला नाही तर ॲड बंद. आमच्या गावी घराला नंबरच नाही, म्हणून मी पत्त्यात आजोबांचं नाव, 'मारुती मंदिराजवळ' आणि पिनकोड असं सगळं टाकलेलं. तीन आठवडे झाले तरी काही येईना, पोस्टमनला दोनदा विचारलं, तो म्हणाला मी कधीच दिलंय. शेवटी वीजबिल शोधताना सापडलं, आजोबांनी ते पत्र फोडूनही न बघता बिलांच्या तारेत खुपसलेलं, बरोबर पिनच्या आकड्यातून तार आरपार. पाच आकडे वाचता आले, सहावा 3 की 8, दोन्ही टाकून बघितले, 8 निघाला. तुम्ही असं करू नका, तीनदा चुकलं की ॲड थांबतात, सरळ नवीन पिन मागवा. ती तार अजून आहे, पण आता कुठलाही बंद लिफाफा आला की आजोबा आधी मला फोन करतात. परवा विम्याचा होता.