एसएनएमपी टाइमआउट आणि हरवलेला ट्रॅफिक

नवा उबुंटू सर्व्हर एसएनएमपीवर (यंत्रांची माहिती नेटवर्कवरून विचारण्याची पद्धत) चालणाऱ्या मॉनिटरिंगमध्ये जोडला, तर नुसता टाइमआउट. पिंग सुरळीत, फायरवॉलमध्ये एसएनएमपीचा पोर्ट यूडीपी १६१ उघडा. सर्व्हरवरच एसएनएमपीवॉक (ही माहिती मागणारी कमांड) चालवला की मात्र उत्तर यायचं. एसएनएमपीडी (सर्व्हरवर उत्तर देणारा प्रोग्रॅम) फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःपुरत्या पत्त्यावर, ऐकत होता. उबुंटूत मुळातच तसं असतं, आणि ते बरंच आहे म्हणा. कॉन्फिगमधल्या एजंटअ‍ॅड्रेसच्या ओळीत लॅनचा आयपी घालून सेवा रीस्टार्ट केली. नाव, अपटाइम आलं, पण ट्रॅफिकचा पत्ता नाही!

खरी गोम इथे होती. मूळच्या 'सिस्टिमओन्ली' व्ह्यूत (काय वाचू द्यायचं त्याची यादी) इंटरफेसची, म्हणजे नेटवर्क जोडण्यांची, शाखाच नसते. त्यात ती शाखा .१.३.६.१.२.१.२ आणि ट्रॅफिक मोजणाऱ्या ६४ बिटी काउंटरांसाठी .१.३.६.१.२.१.३१ जोडली, आलेख सुरू. ३२ बिटी काउंटरवर भागवू नका. गिगाबिट लिंक पूर्ण भरली की तो साधारण ३४ सेकंदांत शून्यावर येतो. आणि कम्युनिटी (एसएनएमपीचा पासवर्डसारखा शब्द) 'पब्लिक' ठेवू नका.